अंगठा राहिला!

बालवर्गाच्या मागच्या अंगाला एक लांबट मोरी आहे. चार नळ, तेही इतके खाली की मोठ्या माणसाला हात धुवायचे तर कमरेत वाकावं लागतं. प्रत्येक नळाला जुन्या मोज्यात घातलेली साबणाची वडी बांधलेली आहे. नुसती वडी ठेवली तर ती दोन दिवसांत कुणाच्या तरी खिशातून घरी जाते; मोज्यातली कुठे जात नाही, आणि चोळली की फेसही भरपूर येतो. ही युक्ती मावशींची. समोरच्या भिंतीवर बावीस खुंट्या, खुंट्यांना बावीस छोटे पंचे, आणि प्रत्येक खुंटीच्या वर एक चित्र. चार वर्षांच्या पोराला स्वतःचं नाव वाचता येत नाही, पण छत्री ओळखता येते. म्हणून मोरीवर कुणी छत्री, कुणी होडी, कुणी किल्ली, कुणी बटण. ही चित्रं मावशींच्या नवऱ्याने काढली. तो पाट्या रंगवणारा माणूस. अक्षरांत त्याचा हात धरणारं कुणी नाही, पण जनावरांशी त्याचं कधी जमलं नाही. त्याने काढलेला घोडा कुत्र्यासारखा झाला, आणि तेव्हापासून त्या खुंटीवर येणाऱ्या प्रत्येक पोराला सगळे ‘भूभू’ म्हणतात. तेही आनंदाने ओ देतं.

मावशींना मावशी होऊन चोवीस वर्षं झाली. बालवर्गाची मदतनीस हे त्यांचं कागदावरचं नाव. नाकं पुसायची, सांडलेलं पाणी पुसायचं, ओल्या चड्ड्या बदलायच्या, आणि डबा खायच्या आधी सगळ्यांना मोरीवर न्यायचं. शिकवणं बाईंचं आणि पुसणं मावशींचं, अशी वाटणी ज्याने केली त्याने बालवर्ग बहुतेक लांबूनच पाहिला असावा. वर्गात स्वच्छता शिकवायला एक तक्ता आहे. त्यातला मुलगा इतका चकाचक आहे की त्याला आजवर कुणी खेळायला सोडलेलं दिसत नाही. पोरं त्या तक्त्याकडे बघत बघत नाकात बोट घालतात. खरं शिक्षण होतं ते मोरीवर, आणि ते कसं होतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

सुरुवातीची दोन वर्षं मावशींनीही चारचौघांसारखंच केलं. ओरडल्या, हात धरधरून धुतले, आणि घसा बसला तशी जंतूंची भीती घातली. जंतूंना दात असतात, ते नखांत घर करतात, आपण झोपलो की पोटात उतरतात. मावशींना गोष्ट रंगवून सांगता येते, हा त्यांचा गुण, आणि तोच त्या वर्षी नडला. मासा हे चित्र असलेली एक मुलगी ती गोष्ट ऐकल्यापासून दिवसातून वीस-वीस वेळा हात धुवायला लागली. हाताची सालं निघाली. मैत्रिणीने हात पुढे केला तर ही मागे सरायची. शेवटी तिची आई शाळेत आली. भांडायला नाही, नुसतीच दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मावशी, ती आता माझ्या हातचा घास घेत नाही हो.”

मावशींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. माशाला पूर्वीसारखं व्हायला चार महिने लागले. ते चार महिने मावशी रोज तिच्याबरोबर मातीत हात घालून बसल्या, माती लागली तरी काही होत नाही हे तिला दिसावं म्हणून. मुलगी हसतखेळत वरच्या वर्गात गेली, पण मावशींनी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून कुठल्या पोराला भीती घातली नाही.

भीती नाही, आरडाओरडा नाही, मग करायचं काय? याचं उत्तर आलं एका गडबडीच्या दुपारी. वर्गात कुणाला तरी उलटी झाली होती. मावशींनी फरशी पुसली, घाईघाईत हात धुतले आणि वळल्या, तर मागे एक शेंबडं कार्टं कमरेवर हात ठेवून उभं.

“मावशी, तुझा अंगठा राहिला.”

मावशींनी पाहिलं. खरंच राहिला होता. अंगठ्याला फेस म्हणून लागला नव्हता. त्यांनी निमूट पुन्हा साबण घेतला, आणि त्या शेंबड्याने शेजारी उभं राहून अंगठा मुठीत धरून कसा फिरवायचा ते करून दाखवलं. एक अंगठा, मग दुसरा. दाखवताना त्याचे स्वतःचेही धुऊन झाले. आदल्या दिवसापर्यंत ज्याला मोरीवर अक्षरशः ओढत आणावं लागे, ते पोर दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन थांबलं. मावशी आज तरी नीट धुतात की नाही हे बघायला.

तेव्हापासून मावशींचा अंगठा दर वर्षी राहतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात कसब आहे. एका वेळी एकच चूक करायची. शाळा सुरू झाली की अंगठा. तो सगळ्यांनी पकडला की नखं. मग शिंक आली की कोपरात न शिंकता सरळ हातावर. दोन चुका एकदम केल्या तर पोरं गोंधळतात. चूक पकडली गेली की हसायचं नाही, कारण आपली चेष्टा चाललेली पोरांना लगेच कळते. ‘शाबास’ही म्हणायचं नाही. शाबासकी मोठ्याने लहानाला द्यायची, आणि मोरीवर मोठं कोण नि लहान कोण हे तेवढ्यापुरतं उलट झालेलं असतं. नुसतं ‘हो की! बरं झालं सांगितलंस’ म्हणून पुन्हा नळ सोडायचा. आणि शेवटच्या पोराने चूक पकडल्याशिवाय पुढच्या चुकीकडे वळायचं नाही. एकवीस जणांनी पकडली नि एक राहिला, तर त्या एकासाठी थांबायचं. हा नियम मावशींनी तेव्हापासून एकदाही मोडला नव्हता.

आधीच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे सगळं ठाऊक होतं. मोरीवरून जाताना त्या मुद्दाम विचारायच्या, “काय मावशी, आज तरी जमलं का?” आणि पोरं एका सुरात ओरडायची, “नाही!” त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नव्या मोठ्या बाई माणूस म्हणून चांगल्या, पण अजून शाळेच्या किल्ल्यांतच अडकलेल्या. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे कळेपर्यंत मोरीपर्यंत त्यांची फेरी झालीच नव्हती.

या वर्षी मावशी अंगठ्यावरच अडकून पडल्या होत्या. एव्हाना नखं उरकून शिंकेवर यायला हवं होतं. पण बटण राहिली होती.

बटण ही बावीस जणांतली सगळ्यात लहान मुलगी. दोन महिन्यांपूर्वी शाळेत आली ती दोन्ही मुठी मिटून, आणि अंगठे मुठींच्या आत. पहिल्या दिवशी सोडायला आलेल्या आजीने खालच्या आवाजात कारण सांगितलं. पोर अंगठा चोखायची. सोडवायला घरच्यांनी कडू औषध लावलं, चिंध्या बांधल्या, पाहुण्यारावळ्यांसमोर ‘अंगठाबाई आल्या’ म्हणून हसून झालं. “आता चोखत नाही,” आजी म्हणाली, “पण कुणाला दाखवतही नाही. आमचं चुकलंच म्हणा.” बटण पाव खायची तोही दोन मुठींच्या मध्ये धरून. मोरीवर मुठी नळाखाली धरायची आणि तशाच काढून घ्यायची. शाळेत तिचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता.

मावशींनी तिची मूठ उघडायचा प्रयत्न केला नाही. बटण रोज रांगेत शेवटी उभी राही आणि मावशींच्या अंगठ्याकडे टक लावून बघे. बाकीचे ओरडले की तिच्या भुवया जरा वर जात. तिला चूक दिसत होती, यात शंकाच नव्हती. फक्त सांगत नव्हती. मावशींना तिची घाई नव्हती. आज ना उद्या सांगेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्या मजेत होत्या.

अशात वर्षाची आरोग्य तपासणी आली. तपासणीला नर्सबाई आली, तीही नवीन. कामाला चोख, हातात छापील कागद, प्रत्येक रकाना भरल्याशिवाय पान न उलटणारी. उंची झाली, वजनं झाली, दात झाले. मग तिने पोरांना सतरंजीवर बसवून गोड आवाजात विचारलं, “सांगा बरं, हात नीट कोण धूत नाही?”

तिला वाटलं असणार, पोरं एकमेकांकडे बोटं दाखवतील. एकवीस बोटं एकदम दाराशी उभ्या असलेल्या मावशींकडे वळली.

“मावशी!”

“रोज अंगठा राहतो तिचा!”

“रोज सांगतो आम्ही, तरी राहतो!”

“तिला कळतच नाही,” छत्री मान हलवत म्हणाली.

भूभूला मावशींची दया आली. “पण ती चांगली आहे,” त्याने सावरून घेतलं. “तिला फक्त हात धुता येत नाहीत.”

मावशी दाराशी उभ्या होत्या आणि ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं. नर्सबाईने मात्र ते पाणी शरमेचं धरलं. तिने विचारलं, “मावशी, खरं आहे का हे?” समोर बावीस चेहरे. मावशी म्हणाल्या, “हो हो, राहतो खरा.” दुसरं काय म्हणणार?

नर्सबाईने रकाना भरला. मदतनीसाच्या सवयी असमाधानकारक. मुलांमधल्या कामावरून हलवावे. आठ दिवसांनी फेरतपासणी.

मोठ्या बाईंनी मावशींना खोलीत बोलावून कागद वाचून दाखवला. हलवणार म्हणजे कुठे? तर पलीकडच्या इमारतीत, सामानाच्या खोलीत. तिथे मोडक्या खुर्च्या, जुने तक्ते आणि झाडूंचे गठ्ठे. आठ दिवसांनंतर मावशींनी आयुष्यात कुणाला ‘हो की’ म्हणायचं, झाडूला?

मग मावशींनी सगळं सांगितलं. शेंबड्यापासून बटणापर्यंत, मधे श्वास न घेता. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं पेन खाली ठेवलं गेलं.

“मावशी, माझा विश्वास बसला,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या विश्वासाला या कागदात रकाना नाही. त्या पुन्हा येतील तेव्हा एकदा नीट हात धुऊन दाखवा, म्हणजे झालं.”

“इथे तुमच्या खोलीत दाखवते ना, बाई. दहा वेळा दाखवते.”

“विचारलं मी फोनवर. काम चालतं तिथेच, कामाच्या वेळी बघायचं, असा त्यांचा नियम आहे.”

म्हणजे मोरीवर. पोरांसमोर.

संध्याकाळी मावशी घरी आल्या तेव्हा नवरा मागच्या पायरीवर ब्रश धूत बसला होता. त्याची नखं निळी झाली होती. कालपर्यंत लाल होती. मावशी शेजारी टेकल्या.

“अहो, मला सामानाच्या खोलीत टाकतायत.”

त्याने ब्रश खाली ठेवला आणि सगळं ऐकलं. मग म्हणाला, “मग एक दिवस धू की नीट. तुला काय येत नाही का?”

“पोरांसमोर?”

“पोरांसमोर.”

“आणि मग पोरं काय म्हणतील? हिला सगळं येत होतं, ही आपल्याला बनवत होती. पुन्हा कोण सांगणार मला, अंगठा राहिला म्हणून?”

“दोन दिवसांत विसरतील गं.”

“बाकीची विसरतील. बटण नाही विसरायची. घरी तिला सगळे हसलेत. आता शाळेतही मोठी माणसं नाटकं करतात असं तिला वाटलं, तर ती मूठ आणखी कुणापुढे उघडेल?”

नवऱ्याने ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. मग त्याला काहीतरी आठवून हसू आलं. “तुला सांगू? मी पाटी रंगवतो ना, तेव्हा एक काना मुद्दाम जरासा वाकडा ठेवतो. गिऱ्हाईक येतं, बोट दाखवतं, मी ‘अरेच्चा’ म्हणून सरळ करतो. गिऱ्हाईक खूश. काही चूक सापडली नाही तर ते रंगावर घसरतं.”

“हे तुम्ही माझ्याकडून उचललंत.”

“आधीपासून करतो. तुझ्या नोकरीच्या आधीपासून.”

“मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते!”

“बोलून कसं चालेल? ही नखं कशाला ठेवलीत अशी, असं वाटतं तुला?”

मावशींना समजायला एक क्षण लागला. तीस वर्षं त्या या नखांवरून रोज संध्याकाळी तोंडसुख घेत आल्या होत्या, आणि त्या नादात घरातल्या बाकी सगळ्या गोष्टींवरून हा माणूस सुखाने सुटत आला होता. त्यांनी त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि पोटभर हसल्या.

हसून झालं तरी प्रश्न जागच्या जागीच होता. शेवटी नवराच गंभीर होऊन म्हणाला, “धुऊन टाक नीट. सामानाच्या खोलीत गेलीस तर बटणालाही तू नाहीस आणि पुढच्या वर्षी येतील त्यांनाही नाहीस.” हे मावशींना पटलं. वाईट वाटलं, पण पटलं. आठवडाभर मधे होता. तेवढ्यात बटण बोलली तर सगळंच सोपं होणार होतं. मावशी रोज अंगठा सोडत राहिल्या, एकवीस जण रोज ओरडत राहिले, आणि बटण रोज भुवया उंचावून मुठी काढून घेत राहिली.

फेरतपासणीच्या दिवशी मावशी नवीन वड्या मोज्यांत भरत होत्या, तेव्हा मोठ्या बाई बालवर्गात गेल्या. मावशींचं भलं व्हावं म्हणूनच गेल्या, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्यांना नावं ठेवायचं. त्यांनी पोरांना सांगितलं, “आज पाहुण्या येणार आहेत. मोरीवर कुणी एक शब्द बोलायचा नाही. मावशींबद्दल तर अजिबात नाही. बोललात तर मावशींना आपल्यापासून लांब पाठवतील. सगळे तोंडावर बोट ठेवा. कुणी काढायचं नाही.” एकवीस बोटं तोंडांवर गेली. बाविसाव्या बटणाने मूठच तोंडाशी नेली.

मावशींना यातलं काही माहीत नव्हतं.

डब्याच्या आधी रांग मोरीवर आली. एका बाजूला नर्सबाई कागद घेऊन उभी, तिच्याशेजारी मोठ्या बाई. मावशी पहिल्या नळाशी कमरेत वाकल्या. आज सगळं नीट धुवायचं, हे पक्कं ठरलेलं होतं. त्यांनी हात ओले केले, मोजा चोळला, तळवे चोळले, हातांच्या पाठी चोळल्या, बोटांच्या बेचक्या चोळल्या. आता अंगठा.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली. करायला नको होती. रांगेच्या टोकाला बटण उभी होती आणि नेहमीसारखी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. आज तर चवड्यांवर उभी राहून बघत होती. तिचा सगळा जीव त्या अंगठ्यात गोळा झाला होता.

मावशींच्याने झालं नाही. नवऱ्याशी झालेलं बोलणं, सामानाची खोली, सगळं डोक्यातून गेलं. त्यांनी अंगठा तसाच सोडला आणि हात नळाखाली धरले. मनात एक वेडी आशा होती की आता पोरं ओरडतील, नर्सबाईला कळेल की पोरांना अंगठ्यापर्यंत सगळं येतं, आणि मग पुढचं पुढे बघता येईल.

कुणी ओरडलं नाही.

मावशींनी रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडावर बोटं. छत्रीचे गाल फुगून लाल झाले होते. भूभू एका पायावर नाचत होता. किल्लीने तर एक हात कमी पडेल म्हणून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. नर्सबाईने मावशींच्या साबण न लागलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, एक सुस्कारा टाकला आणि पेनाचं टोपण काढलं.

संपलं, मावशींना वाटलं. त्यांनी नळ बंद केला आणि आपल्या पंच्याकडे हात नेला. जितका सावकाश नेता येईल तितका सावकाश नेला.

पंच्यापर्यंत तो पोचलाच नाही. कुणीतरी खाली ओढला.

बटणाला गप्प राहा म्हणून सांगायची गरजच नव्हती. ती रोजच गप्प असायची. आणि हात चालवायचा नाही असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळी रांग मागे टाकून ती पुढे आली होती आणि तिने मावशींचा अंगठा धरला होता. चिमुकल्या हाताने मोठा अंगठा धरायचा तर मूठ उघडावीच लागते. तिने मावशींना नळाशी नेलं, मोजा ओढून घेतला, फेस काढला, आणि तो अंगठा मुठीत धरून फिरवायला लागली. दोन महिने रोज पाहिलं होतं, अगदी तसंच. मावशी वाकून उभ्या होत्या. रडू येऊन त्यांचं नाक वाहायला लागलं होतं, पण नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

एक अंगठा झाला. बटणाने दुसरा मागून घेतला. तोही झाला. मग तिने आपल्या फेसाळलेल्या हातांकडे पाहिलं. तिचे अंगठे बाहेर होते. पांढुरके, सुरकुतलेले, पेरावर दातांनी पडलेला घट्टा. तिने झटकन मागे वळून पाहिलं, कोण हसतंय ते बघायला. कुणीच हसत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर बोटं होती आणि सगळे अगदी गंभीरपणे तिच्याकडे बघत होते.

बटण पुन्हा नळाकडे वळली आणि तिने आपले अंगठे धुतले. आधी डावा, मग उजवा. मुळीच घाई केली नाही.

“हो की गं,” मावशी कशाबशा म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंस.”

पेन तसंच हातात धरून नर्सबाईने मोठ्या बाईंना विचारलं, “हिला कुणी शिकवलं हे?”

मोठ्या बाईंनी डोळे उघडले होते. त्या पोरांकडे वळून म्हणाल्या, “काढा रे बोटं. बोला आता.”

मग पोरांनी मोरी डोक्यावर घेतली. रोज राहतो म्हणून सांगितलं, रोज आम्हीच शिकवतो म्हणून सांगितलं, आज बटणाने शिकवलं म्हणून सांगितलं. छत्रीने नर्सबाईलाच फर्मावलं, “तुमचे दाखवा!” नर्सबाई हसायला लागली आणि कागद मोठ्या बाईंकडे देऊन कमरेत वाकली. तिने धुतले तेही चांगले धुतले. पण समोर बावीस तपासनीस उभे होते.

“अंगठीखाली राहिलं!” भूभू ओरडला.

नर्सबाईने पाहिलं. अंगठीखाली खरंच राहिलं होतं. तिने निमूट अंगठी काढली आणि पुन्हा साबण घेतला. काढलेली अंगठी धरायला बटणाने हात पुढे केला, सपाट उघडलेला.

पोरं डब्यावर बसली तशी नर्सबाई मावशींजवळ आली. “मागच्या वेळीच का नाही सांगितलंत मला?”

“पोरं समोर होती ना,” मावशी म्हणाल्या.

नर्सबाईने मोठ्या बाईंकडून कागद परत घेतला. तिने कागदावरची जुनी ओळ खोडली. नवीन मजकुराला रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं. समास पुरला नाही, तेव्हा पान उलटून मागे लिहिलं. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि कागद फाइलला लावला. सामानाच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी मोरीवर आल्या तेव्हा रांगेच्या टोकाला बटण नव्हती. ती पहिल्या नळाशी, सगळ्यांच्या पुढे येऊन थांबली होती. बाह्या वर सारलेल्या, हात उघडे. मावशींच्या मनात आलं, बाविसावीनेही पकडलं, आता अंगठा संपला. नियमाप्रमाणे आजपासून नखं. त्यांनी हात ओले केले, तळवे चोळले, पाठी चोळल्या, बेचक्या चोळल्या. बटण टक लावून बघत होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मावशींनी आपला नियम मोडला. अंगठा तसाच सोडला आणि पंच्याकडे हात नेला.

बटणाने एक लांब सुस्कारा टाकला. किती वेळा सांगायचं या बाईला, अशा नजरेने तिने मावशींकडे पाहिलं आणि त्यांचा हात धरून खाली ओढला.

“परत?” ती म्हणाली.